मॉडेलिंगच्या ऑडिशनला काय घालायचं?

हा भाग ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकता येत नाही, म्हणजे लेक्चरला मागच्या बाकावर बसलेले किंवा लोकलच्या दारात लटकलेले सगळे, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे अघळपघळ झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी गप्पा त्याच.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला मेसेज एकच आहे: “ताई, शनिवारी ऑडिशन आहे, काय घालू?” सोबत तीन-चार ड्रेसचे फोटो. आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक ड्रेस लग्नाच्या रिसेप्शनला शोभेल असा! मी हसत नाहीये हं. कारण मी स्वतः हेच केलंय.

माझी पहिली ऑडिशन अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आराम नगरात होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आराम नगर म्हणजे जुन्या बैठ्या घरांची वस्ती. त्यातली कितीतरी घरं आता कास्टिंगची ऑफिसं झालीत. दाराबाहेर रांग, आत एक कॅमेरा, एक भिंत आणि दोन दिवे. चहाच्या जाहिरातीसाठी ‘कॉलेजला जाणारी मुलगी’ हवी होती. मी त्यासाठी ३,८०० रुपयांचा टिकल्या लावलेला काळा ड्रेस घेतला. पंचवटीने नाशिकहून आले, दादरला उतरले, अंधेरीची लोकल पकडली, तिथून मेट्रोने वर्सोवा. दारातल्या कोऑर्डिनेटरने मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाला, “नॉट फिट.” झालं. कॅमेऱ्यापर्यंत पोचलेच नाही.

मला वाटलं, मी जाड आहे असं म्हणाला. डोळ्यात पाणी आलं. रांगेत आजीच्या रोलसाठी आलेल्या एक काकू होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “अगं पोरी, तो तुझ्या अंगाबद्दल नाही बोलला. त्यांना जे माणूस पाहिजे त्याला तू आत्ता जुळत नाहीस, एवढंच. कॉलेजात तू असे कपडे घालतेस का?” मी मान हलवली. नाही घालत. माझ्या पुढे आत गेलेली मुलगी पिवळी सुती कुर्ती आणि जीन्समध्ये होती, एक वेणी घातलेली. ती आत दहा मिनिटं होती.

तर आजच्या भागातली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ‘फिट’ म्हणजे ब्रीफला फिट. ब्रीफ म्हणजे ‘कसं माणूस हवंय’ याचं वर्णन. तुमचे कपडे छान आहेत की नाहीत हे तिथे कोणी बघत नाही. त्या कपड्यांतून तुम्ही नीट दिसता का, आणि ब्रीफमधलं माणूस तुमच्यात दिसतं का, एवढंच बघतात.

आत नेमकं होतं काय?

हे कळलं की कपड्यांचा अर्धा प्रश्न सुटतो. आत गेल्यावर तुम्हाला एका साध्या भिंतीसमोर उभं करतात. इंट्रो द्यायचा असतो: नाव, वय, उंची, कुठे राहता, आधी काय काम केलंय. मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, कारण दोन्ही बाजूंचा चेहरा हवा असतो. बऱ्याचदा पाठमोरं व्हायला सांगतात. हात पुढे करून तळवे आणि मागची बाजू दाखवायला सांगतात, कारण जाहिरातीत कप, साबण, फोन हे सगळं हातातच असणार. मग एखादी छोटी अ‍ॅक्टिंग. दोन ते पाच मिनिटांत खेळ खल्लास.

ही क्लिप नंतर डायरेक्टर बघतो, एजन्सी बघते, ज्यांचा माल आहे ते बघतात. यांतलं कोणीही तुम्हाला प्रत्यक्ष भेटलेलं नसतं. एका दिवसात एकामागून एक अशा कितीतरी क्लिप्स. त्यांना चेहरा, मान, खांदे, अंगाची ठेवण आणि चाल दिसायला हवी. गळ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ, घोळदार बाह्या, कपाळावर आलेले केस यांतलं काहीही मधे आलं तर त्यांचं काम अडतं. आणि तुम्हाला पुन्हा बोलावून ‘जरा स्कार्फ काढून दाखव’ म्हणायला कोणाकडे वेळ नसतो.

ऑडिशन कसली आहे, ते आधी बघा

‘मॉडेलिंग’ हा एकच शब्द असला तरी कामं वेगवेगळी असतात.

एक, जाहिरात. इथे मेसेजमध्ये लुक लिहिलेला असतो: ‘तरुण आई’, ‘ऑफिसला जाणारा मुलगा’, ‘कॉलेज’. त्याच्या जवळ जा, पण नाटकातला वेश करू नका. तरुण आई म्हटलं तर साधी कुर्ती, केस सैलसर बांधलेले, लहानशी टिकली चालेल. ऑफिस म्हटलं तर इस्त्री केलेला साधा शर्ट. डॉक्टर म्हटलं म्हणून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जाऊ नका! ‘ट्रॅडिशनल’ लिहिलं की आपल्या मुली आईची पैठणी काढतात. थांबा. पैठणीचा काठ आणि पदर एवढा बोलका असतो की बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. त्यापेक्षा एका रंगाची हलकी साडी, नीट चापूनचोपून नेसलेली, किंवा साधा पंजाबी ड्रेस. नऊवारी हवी असेल तर मेसेजमध्ये तसं लिहितात, आणि शूटच्या दिवशीचे कपडे बहुतेक वेळा कॉस्च्युमवाले देतात.

दोन, कॅटलॉग किंवा ऑनलाइन शॉपिंगचे फोटो. इथे तुमच्या अंगावर दिवसभरात एकामागून एक ढीगभर कपडे चढवायचे असतात. त्यामुळे मापं महत्त्वाची. टेप लावून छाती, कंबर, नितंब मोजतात. मुलांची छाती, कंबर आणि बुटाचा नंबर. ढगळ कपड्यांवरून माप चुकतं. अंगाबरोबर बसणारा साधा टी-शर्ट किंवा टँक टॉप आणि सरळ बसणारी जीन्स, बस्स.

तीन, रॅम्प. इथे उंची, खांदे आणि चाल. मुलींसाठी काळा फिटिंगचा टॉप, स्किनी जीन्स आणि हिल्स. हिल्स साध्या, काळ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या. आणि कृपा करून नव्या नकोत. ज्या हिल्समध्ये तुम्ही घराच्या पॅसेजमध्ये आठवडाभर चालला आहात त्याच न्या. नवी चप्पल चावली की ते चालण्यात दिसतं, तोंडावर तर आधी दिसतं.

चार, ऑडिशनच्या आधीचे साधे फोटो, ज्यांना पोलरॉइड किंवा डिजिटल्स म्हणतात. एजन्सीला पाठवायचे फोटो हेच. खिडकीचा उजेड, मागे साधी भिंत, मेकअप नाही, फिल्टर नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा, केस बांधून आणि मोकळे सोडून. कपडे तेच, साधा टॉप आणि जीन्स. हे मोबाइलवर मैत्रीण काढू शकते. ‘आधी आमच्याकडून पोर्टफोलिओ करून घ्या, मगच ऑडिशन’ असं कोणी म्हणालं तर त्याबद्दल पुढे बोलतेय.

कॅमेऱ्याला काय आवडत नाही?

आरशात छान दिसणारा शर्ट कॅमेऱ्यात भुताटकी करू शकतो. उदाहरणार्थ, अगदी बारीक रेघा किंवा बारीक चौकडी. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक ठिपक्यांची जाळी असते. कापडाच्या रेघा आणि ती जाळी एकमेकांवर आल्या की व्हिडिओत शर्टवर लाटा हलल्यासारख्या दिसतात. याला मॉयरे म्हणतात. तुम्ही स्तब्ध उभे असता आणि शर्ट मात्र नाचत असतो!

पांढरा शुभ्र. कॅमेरा ऑटोवर असेल तर समोर एवढं पांढरं बघून तो उजेड कमी करतो, आणि तुमचा चेहरा काळपट येतो. पूर्ण काळ्याचं उलट: कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरा धुऊन निघाल्यासारखा होतो. शिवाय दिवे साधे असतील तर काळ्या कापडात अंगाची ठेवण हरवते. रॅम्पला काळं चालतं कारण तिथे समोर माणसं बसून बघतात आणि कापड अंगाबरोबर असतं. जाहिरातीच्या क्लिपसाठी मधले रंग घ्या: निळा, मरून, मोरपंखी, मोहरी, गडद गुलाबी. एकाच रंगाचे, प्रिंट नसलेले.

हिरवा पडदा असण्याची शक्यता असेल तर पोपटी-हिरवं टाळा. तो पडदा नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकतात, आणि तुमचा टॉप त्याच रंगाचा असेल तर पडद्याबरोबर तोही गायब. मुंडकं आणि हात हवेत!

सॅटिन, टिकल्या, जर यांच्यावर दिव्याचे पांढरे डाग पडतात. मोठे लोगो नकोत, कारण एका कंपनीच्या जाहिरातीला दुसऱ्या कंपनीचं नाव छातीवर घेऊन जायचं नसतं. आणि मुंबईकरांसाठी खास सूचना, राखाडी टी-शर्ट. कागदावर एकदम योग्य रंग, पण काखेतला घाम राखाडीइतका दुसऱ्या कुठल्याच रंगावर उठून दिसत नाही. मे महिन्यात अंधेरीच्या पुलावरून चालत जाऊन बघा, पटेल.

आतले कपडे आणि फिटिंग

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मुलींनो, त्वचेच्या रंगाची, शिवण न दिसणारी ब्रा एक तरी घेऊन ठेवा. पांढऱ्या टॉपखाली पांढरी ब्रा दिसते; त्वचेच्या रंगाची दिसत नाही. पट्टे बाहेर डोकावणार नाहीत असा गळा निवडा. ज्या टॉपचा गळा सारखा वर ओढावा लागतो तो घरी ठेवा, कारण क्लिपमध्ये तुम्ही फक्त गळाच ओढताना दिसाल.

मुलांनो, शर्टखालची बनियन कॉलरमधून दिसू देऊ नका. जीन्स घोट्याशी गोळा होत असेल तर कोपऱ्यावरच्या टेलरकडून उंची कमी करून घ्या. खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे. ती दंडावर उतरली की पन्नास रुपयांचा आणि पाच हजारांचा शर्ट सारखाच दिसतो. दाढी ठेवली असेल तर रेघ नीट करा. आणि मोजे! बूट काढायला सांगितल्यावर भोकवाले मोजे बाहेर आलेले मी पाहिलेत.

नवीन कपडे घेण्यापेक्षा आहेत ते नीट बसवून घ्या. माझा ‘ऑडिशनचा निळा टॉप’ बहिणीचा आहे. त्याला मी बाजूंनी शिवण मारून घेतली. त्या ३,८०० च्या ड्रेसपेक्षा जास्त काम त्याने दिलंय.

रंग, मेकअप आणि हातातला दोरा

आता जरा नाजूक विषय. मेसेजमध्ये मुली हमखास विचारतात, “मी सावळी आहे, मला कुठला रंग उजळ दाखवेल?” उत्तर आहे, असा रंग शोधूच नका. स्वतःपेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन लावून गेलात की चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या आणि हात तिसऱ्या. हात दाखवायला सांगतातच, आठवतंय ना? समजा तशाच सिलेक्ट झालात, तर शूटला मेकअपवाली तोंड धुवायला लावणार आणि समोर वेगळीच मुलगी येणार. मधु सप्रे १९९२ साली मिस युनिव्हर्सच्या मंचावर तिसऱ्या आल्या, उज्ज्वला राऊत १९९६ साली फेमिना लुक ऑफ द इयर झाल्या आणि पुढे परदेशातल्या रॅम्पवर गाजल्या. दोघीही सावळ्या, दोघीही आपल्या मराठी मुली. रंग गोरा असेल तरच काम मिळतं असं सांगणारे घरीदारी भरपूर भेटतील, आणि ब्रीफमध्येही असे शब्द अजून दिसतात, हे मी नाकारत नाही. पण ज्या कामासाठी तुम्ही जशा आहात तशा नको असाल, ते काम खोट्या रंगाने टिकत नाही. मोहरी आणि गडद गुलाबी सावळ्या रंगावर सुरेख दिसतात, बिनधास्त घाला.

नखं कापलेली, नेलपॉलिश एकतर नाही किंवा अगदी फिकट. कानात छोटे टॉप्स. टॅटू असेल तर लपवू नका, आधीच सांगा. आणि हातातला गंडादोरा, गळ्यातला ताईत, मंगळसूत्र? निघत असेल तर काढून पाकिटात ठेवा. माझ्या मनगटावर आजीने बांधलेला काळा दोरा होता आणि मला तो तोडायचा नव्हता. मी बाही थोडी खाली ओढली आणि इंट्रोत सांगून टाकलं, “शूटला मेकअपने झाकता येईल.” कोणी काही म्हटलं नाही. जे काढायचं नाही ते काढू नका, फक्त मोकळेपणाने सांगा.

प्रवास आणि पिशवी

ऑडिशनचे कपडे घालून लोकलमध्ये चढू नका. गर्दीतून उतरेपर्यंत इस्त्रीची वाट लागते. प्रवासाला वेगळा टी-शर्ट घाला, ऑडिशनचा टॉप गुंडाळी करून पिशवीत ठेवा, आणि तिथे पोचायच्या आधी कुठल्यातरी स्वच्छ टॉयलेटमध्ये बदला. कास्टिंग ऑफिसात बदलायला जागा असेलच असं धरून चालू नका. पावसाळ्यात हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि चप्पल वेगळी.

पिशवीत माझ्याकडे नेहमी असतं: एक जास्तीचा टॉप वेगळ्या रंगाचा, हिल्स, सेफ्टी पिना, केसांचे रबर, रुमाल, टिश्यू, टिकलीचं पाकीट, पाणी आणि पॉवर बँक. कोऑर्डिनेटर कधीकधी म्हणतो, “अजून एक ब्रीफ आहे, कुर्ती आहे का?” असेल तर एका फेरीत दोन ऑडिशन होतात.

आणि हो, शॉर्टलिस्ट होऊन दुसऱ्यांदा बोलावलं तर तेच कपडे घालून जा. त्यांनी क्लिपमध्ये ‘ती निळ्या टॉपवाली’ म्हणून तुम्हाला लक्षात ठेवलेलं असतं.

कुठे ‘नाही’ म्हणायचं

हा भाग वगळू नका. स्विमवेअरचं किंवा अंतर्वस्त्रांचं काम हेही काम आहे, पण ते आधी लेखी सांगितलं जातं: कुठला ब्रँड, काय घालायचं, कोण हजर असणार. साध्या चहाच्या जाहिरातीच्या ऑडिशनला गेल्यावर आयत्या वेळी ‘टॉप काढून दाखव, बॉडी बघायची आहे’ म्हणाले, तर पिशवी उचला आणि बाहेर या. मुलांनाही हेच लागू आहे. ‘बिकिनीतले फोटो पर्सनल नंबरवर पाठव’ हा मेसेज आला की पाठवायचं काही नाही. स्क्रीनशॉट ठेवा आणि ब्लॉक करा. मापं टेप लावून, कपड्यांवरून घेता येतात. हॉटेलच्या खोलीतली किंवा रात्री उशिराची ऑडिशन घेऊ नका. कोणाला तरी लोकेशन पाठवूनच जा, पहिल्यांदा सोबत नेता आलं तर उत्तम. अठरा वर्षांखालच्यांनी पालकांशिवाय जाऊच नका.

आणि पैसे. ऑडिशनला फी नसते. रजिस्ट्रेशन, कॉस्च्युम डिपॉझिट, ‘पोर्टफोलिओ कंपल्सरी’, नाव काहीही असो, काम द्यायच्या आधी पैसे मागितले की समजून जा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकं बरं. तातडीचा धोका वाटला तर ११२.

आदल्या रात्री एवढं करा

कपडे घाला. मोबाइल टेबलावर उभा करा, साध्या भिंतीसमोर उभे राहा आणि व्हिडिओ सुरू करा. नाव, वय, उंची सांगा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, हात दाखवा, चार पावलं चाला, खाली बसा, उठा. मग आवाज बंद करून व्हिडिओ बघा. तुमची नजर आधी कुठे गेली? चेहऱ्यावर गेली तर कपडे बरोबर आहेत, झोपा निवांत. बेल्टवर, प्रिंटवर, सुरकुतीवर गेली तर बदला. हा व्हिडिओ आईला किंवा रूममेटला दाखवा आणि विचारा, “काय दिसलं?” त्यांनी “छान ड्रेस आहे” म्हटलं तर सावध. “तू दमलेली दिसतेस” म्हणाल्या, तर चला, निदान तुम्ही दिसताय!

त्या काकू मला नंतर दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा त्याच फिकट जांभळ्या सुती साडीत. मी निळ्या टॉपमध्ये. दुसऱ्यांदा त्या हसून म्हणाल्या, “आता आलीस बघ तू.” त्या दिवशी मला ते काम मिळालं नाही, पण मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि माझी पाच मिनिटं मला पूर्ण मिळाली.

तुमची ऑडिशन कशी झाली ते व्हॉइस नोटवर सांगा, निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. ड्रेसचे फोटो पाठवलेत तरी चालेल, पण आधी आदल्या रात्रीचा तो व्हिडिओ करून बघा. भेटू पुढच्या आठवड्यात!